सभा जगाची, भाषा कोणाची?

निरनिराळ्या देशांतील माणसे एकत्र येऊन काही कार्य आरंभू लागली, की कार्याच्या आधी भाषेचा प्रश्न उभा राहतो. आणि तो ज्या रीतीने सुटतो त्यावरून त्या मंडळीत कोणाचे वजन किती आहे, हे कोणी न सांगता ध्यानात येते. 1874 साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला, तेव्हा त्याच्या दफ्तराची भाषा फ्रेंच ठरली, कारण त्या काळी युरोपातील दरबारांचा परस्परव्यवहार फ्रेंचमध्येच चालत असे. इंग्रजीला त्या संघात कामकाजाची भाषा म्हणून जागा मिळण्यास 1994 साल उजाडावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली झालेल्या व्हर्सायच्या तहाचे फ्रेंच आणि इंग्रजी हे दोन्ही पाठ सारखेच प्रमाण मानण्यात आले, तेव्हाच फ्रेंचच्या एकछत्री अमलाला ओहोटी लागल्याचे जाणत्यांनी ओळखले. पुढे 1945 साली संयुक्त राष्ट्रांची सनद पाच भाषांत सिद्ध झाली आणि 1973 साली अरबी ही तेथील सहावी भाषा झाली. या सर्व ठिकाणी भाषेची निवड राष्ट्रांच्या सामर्थ्याकडे पाहून झाली, हे खरे. परंतु ती एकदा झाल्यावर दुभाषे, भाषांतरकार आणि छपाई यांच्या खर्चाची तजवीज संस्थेच्या तिजोरीतून होत असे, आणि ज्याला सभेची भाषा येत नाही त्याची अडचण ही संस्थेची अडचण समजली जात असे.

इंटरनेटवर जमणाऱ्या मंडळ्यांची गोष्ट निराळी आहे. संगणकप्रणाली लिहिणारे, ज्ञानकोश रचणारे, पक्ष्यांची नोंद ठेवणारे किंवा नुसतेच बुद्धिबळाचे डाव मांडून त्यांवर वाद घालणारे हजारो लोक, ज्यांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नाहीत, तेथे स्वखुशीने एकत्र येतात. त्यांना ना सनद असते, ना तिजोरी, ना पगारी दुभाषा. भाषा कोणतीही ठरवा, समजावून सांगण्याचे आणि समजून घेण्याचे श्रम कोणाला तरी करावेच लागतात. तिजोरी नसली म्हणजे हे श्रम सभासदांच्या माथी पडतात, आणि ते सर्वांच्या माथी सारखे पडत नाहीत. आपल्या वाट्याला ते कमी आले असतील, तर दुसऱ्याच्या वाट्याला किती आले आहेत याची जाणीव ठेवणे, एवढाच या सभांतील शिष्टाचाराचा गाभा आहे, असे त्यांच्या गेल्या चार दशकांच्या रीतिरिवाजांकडे पाहिले असता म्हणावेसे वाटते.

या विषमतेचा आरंभ लिपीपासूनच झाला. 1963 साली अमेरिकेत संगणकांसाठी जो अक्षरसंच प्रमाण ठरला, त्यात अवघ्या 128 चिन्हांची सोय होती आणि इंग्रजीला लागत नाही असे एकही अक्षर त्यात नव्हते. साहजिकच जर्मन मनुष्याला आपल्या स्वरांवरची दोन टिंबे टाकून त्यांच्याऐवजी पुढे 'ई' हे अक्षर जोडावे लागे, स्वीडिश मनुष्य महिरपी कंसांची जागा बळकावून तेथे आपले स्वर बसवी, ग्रीक आणि रशियन लोक आपली भाषा रोमन लिपीत कशीबशी लिहीत, आणि परदेशी गेलेला मराठी विद्यार्थी आपल्या गावच्या मित्राला 'कसा आहेस' हे शब्द रोमन अक्षरांत लिहून पाठवी. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तथापि ती अक्षरे प्रत्यक्ष पडद्यावर नीट उमटू लागण्यास आणि कळफलकावर सहज उतरू लागण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली. तोपर्यंत जगाच्या सभेत इंग्रजी स्थिरावली होती.

परक्या भाषेत लिहिणाऱ्याची दुसरी अडचण अशी, की लिखाणात चेहरा दिसत नाही आणि आवाज ऐकू येत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून चालणाऱ्या चर्चेत थट्टेने लिहिलेली वाक्ये गंभीरपणे घेतली जाऊन बखेडे होऊ लागले, तेव्हा 19 सप्टेंबर 1982 रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकाने विनोदाची खूण म्हणून अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला.  एकाच विद्यापीठातील, एकच भाषा बोलणाऱ्या विद्वानांची जर ही गत, तर देशोदेशींच्या मंडळींचे काय होत असेल याची कल्पना करता येईल. 1995 च्या ऑक्टोबरात इंटेल कंपनीतील सॅली हँब्रिज यांनी इंटरनेटवरील सौजन्याचे जे नियम संकलित केले, त्यांत याची दखल घेतलेली आढळते. वाचणाऱ्याची भाषा, संस्कृती आणि विनोदाची जाण आपल्याहून निराळी असू शकते, तारखा लिहिण्याच्या पद्धती, वजनेमापे आणि वाक्प्रचार परदेशी पोचेपर्यंत अर्थ गमावून बसतात, आणि उपरोध करताना तर विशेषच जपावे, असा त्यांचा आशय आहे. यातील तारखांची ताकीद क्षुल्लक वाटेल; परंतु 3/4 असे लिहिले असता आपल्याकडे तीन एप्रिल समजतात आणि अमेरिकेत चार मार्च, हे ज्याने एकदा अनुभवले तो पुढे महिन्याचे नाव अक्षरांत लिहिल्याशिवाय राहत नाही. 'उन्हाळ्यात काम पुरे करू' असे युरोपातील गृहस्थ लिहितो, तेव्हा ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्याच्या अंगावर स्वेटर असतो आणि आपल्याकडे छत्र्या उघडलेल्या असतात.

त्याच नियमावलीत जॉन पोस्टेल यांचे एक तत्त्व उद्धृत झाले आहे. पोस्टेल हे इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक. 1980 च्या सुमारास संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याची नियमावली लिहिताना त्यांनी असे सांगितले, की पाठवताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार. यंत्रांसाठी सांगितलेले हे सूत्र माणसांनी उचलले, कारण बहुभाषी सभेचा अर्धा शिष्टाचार त्यात आयता सापडतो. आपले वाक्य लहान, निःसंदिग्ध आणि स्थानिक वाक्प्रचारांपासून मुक्त ठेवावे. दुसऱ्याचे वाक्य मात्र ओबडधोबड असले तरी त्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा.

हा दुसरा भाग अधिक अवघड आहे, आणि त्याचे कारण आपल्याच भाषेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीत विनंतीचा सारा भार क्रियापदाच्या रूपावर आणि 'जरा', 'तेवढी', 'बरे का' अशा फुटकळ शब्दांवर असतो. 'तेवढी यादी पाठवता का?' या वाक्यात पुरेसे सौजन्य आहे. 'कृपया' हा शब्द आपण अर्जात आणि कचेरीतल्या पाट्यांवर वापरतो, आणि घरच्या जेवणात कोणी 'कृपया आमटी वाढा' म्हणाला तर तो थट्टा करतो आहे किंवा रुसला आहे, असेच वाढणारीला वाटेल. हाच मनुष्य शाळेत शिकलेल्या इंग्रजीत जेव्हा 'सेंड मी द लिस्ट' एवढेच लिहितो, तेव्हा त्याच्या मनात उद्धटपणाचा लवलेशही नसतो. मराठीतील सौजन्याची जागा इंग्रजीत कोठे असते हे त्याला कोणी दाखवलेले नसते, इतकेच. वाचणाऱ्या इंग्रजाला मात्र हे फर्मान वाटते. उलट बाजूही तितकीच फसवी आहे. तो इंग्रज जेव्हा 'या सूचनेवर आणखी थोडा विचार करण्यास हरकत नसावी' अशा मऊ शब्दांत अभिप्राय देतो, तेव्हा सूचना आपल्याला मुळीच पसंत नाही, हे त्याला सांगायचे असते, आणि आपला मनुष्य ती प्रशंसा समजून त्याच सूचनेवर आठवडाभर राबतो. दोघांच्याही हेतूत खोट नाही. तरी एकाला दुसरा उर्मट वाटतो आणि दुसऱ्याला पहिला कपटी. ज्या मंडळ्या दीर्घकाळ टिकल्या, त्यांत नकार स्पष्ट शब्दांत आणि कारणासह द्यावा, आणि परक्याच्या आज्ञार्थी वाक्याला विनंती समजावे, असा रिवाज हळूहळू पडलेला दिसतो.

या सर्व प्रश्नांची सर्वांत मोठी प्रयोगशाळा म्हणजे विकिपीडिया. 15 जानेवारी 2001 रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी तो इंग्रजीत सुरू केला आणि दोनच महिन्यांत जर्मन व कातालान भाषांतील आवृत्त्यांचा आरंभ झाला. आज 300 हून अधिक भाषांत तो चालतो. तेथे एका भाषेचे राज्य सर्वांवर लादण्याऐवजी प्रत्येक भाषेला स्वतंत्र घर देण्यात आले, आणि घरातले नियम त्या त्या घरच्यांनी करावेत असे ठरले. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सभासद जेथे सार्वजनिक विषयांवर बोलतात त्या पानाचे नाव 'चावडी' असे आहे, नवख्याने हात बसवण्यासाठी ठेवलेल्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात, आणि निर्णयासाठी 'कौल' लावतात. परक्या यंत्रणेत आपल्या गावगाड्याचे शब्द असे चपखल बसले, याचे श्रेय त्या काळच्या मोजक्या हौशी मंडळींना द्यावयास हवे. ज्या गोष्टी सर्व घरांना समाईक आहेत त्यांच्यासाठी 'मेटा' नावाचे निराळे अंगण आहे, आणि तेथे कोणीही कोणत्याही भाषेत लिहावे अशी मुभा आहे. प्रत्यक्षात बहुतेक लिखाण इंग्रजीतच होते, कारण उत्तर मिळण्याची शक्यता त्या भाषेत अधिक. मुभा आणि सोय यांतील हे अंतर नियमांनी बुजत नाही.

तथापि ते थोडे कमी करण्याचे उपाय तेथे योजलेले आहेत. अनेक सभासद आपल्या पानावर एक लहान तक्ता लावतात, त्यात प्रत्येक भाषेपुढे 0 ते 5 पैकी एक अंक असतो आणि मातृभाषेपुढे निराळी खूण. मराठी मातृभाषा, हिंदी 4, इंग्रजी 3, संस्कृत 1, अशी आपली कैफियत ज्याने मांडून ठेवली आहे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे हा संकोच समोरच्याला पडत नाही. यात शून्याचा उपयोग विशेष मार्मिक आहे. एखादा परदेशी मनुष्य तांत्रिक दुरुस्तीसाठी मराठी विकिपीडियावर येतो आणि मराठीपुढे शून्य मांडतो, तेव्हा 'मला तुमची भाषा येत नाही, मी तुमच्या मजकुराला हात लावणार नाही, आणि मला काही सांगायचे झाल्यास दुसऱ्या भाषेत सांगा' एवढे सारे तो एका अंकात बोलून जातो. जगभरच्या लहान विकिपीडियांवर पहारा देणारे स्वयंसेवकही असेच वागतात. भाषा कळत नसताना जेवढी नासधूस उघड दिसते तेवढीच ते दूर करतात, आणि मजकुराच्या खरेखोटेपणाचा निवाडा स्थानिकांवर सोपवतात. सर्व भाषांच्या चावड्यांवर एकाच वेळी पाठवल्या जाणाऱ्या सूचनांच्या आरंभी, इंग्रजीत लिहीत असल्याबद्दल क्षमस्व आणि आपल्या भाषेत भाषांतर करण्यास साह्य करावे, अशा अर्थाची ओळ पुष्कळदा आढळते. अशा ओळीने कोणाचे श्रम वाचत नाहीत, असे कोणी म्हणेल. परंतु श्रम पडत आहेत याची कबुली तीत असते, आणि कबुली न देता श्रम करून घेणाऱ्यापेक्षा ती देणाऱ्याचे काम लोक अधिक आनंदाने करतात.

आदरार्थी सर्वनामांचा मामलाही असाच नाजूक आहे. जर्मन विकिपीडियावर अपरिचितांनी एकमेकांना एकेरी संबोधण्याचा प्रघात आहे, जो त्या देशातील कचेऱ्यांच्या शिरस्त्याहून वेगळा. ज्यांना तो रुचत नाही त्यांच्यासाठी यंत्राकडून येणाऱ्या सूचना आदरार्थी रूपात दाखवण्याची निराळी सोय प्रणालीत केलेली आहे. डच भाषेत याच्या नेमके उलट, म्हणजे मूळ सूचना आदरार्थी आणि सलगीच्या रूपासाठी निराळी निवड. आपल्याकडे 'आपण' लिहिले तर फार दरबारी, 'तू' लिहिले तर आगाऊ, म्हणून 'तुम्ही'वर सर्वांचे एकमत होते.

इंग्रजीचे घर तरी एकसंध आहे काय? तेथे ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय अशा अनेक इंग्रजी एका छपराखाली नांदतात, आणि दह्यावरील लेखाच्या शीर्षकात 'एच' हे अक्षर असावे की नसावे, यावर तेथे सुमारे आठ वर्षे तंटा चालून 2011 साली तो मिटला. लेख ज्या देशाशी निगडित असेल त्या देशाचे इंग्रजी त्यात वापरावे, आणि तसा संबंध नसेल तर लेख प्रथम ज्या इंग्रजीत लिहिला गेला तेच कायम ठेवावे, हा तेथील सर्वसाधारण दंडक. दुसऱ्या कलमात कोणाचीच सरशी होत नाही, म्हणून ते टिकले.

याहून उद्बोधक प्रकरण पोलंडमधील एका बंदराचे आहे. ज्या शहराला पोलिश लोक ग्दान्स्क आणि जर्मन लोक डान्झिग म्हणतात, त्याचे नाव लेखात काय लिहावे यावरून दोन्ही बाजूंचे लोक रात्रंदिवस एकमेकांचे शब्द खोडीत बसले होते. अखेरीस 2005 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्याचा कौल घेण्यात आला. निवाडा असा झाला, की 1308 ते 1945 या काळाविषयी लिहिताना डान्झिग म्हणावे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ग्दान्स्क. 1308 हे ट्यूटॉनिक सरदारांनी शहर घेतल्याचे वर्ष आणि 1945 हे ते पोलंडकडे गेल्याचे. मधल्या काळात तीन शतकांहून अधिक ते पोलिश राजाच्या छत्राखाली होते, तरी नागरिकांची भाषा मुख्यतः जर्मन होती, हा विचार प्रभावी ठरला. चरित्रलेखांपुरती आणखी एक तजवीज करण्यात आली. व्यक्ती निःसंशय जर्मन असेल तर प्रथम डान्झिग लिहून कंसात ग्दान्स्क द्यावे, आणि निःसंशय पोलिश असेल तर याच्या उलट. या निकालाने दोन्ही पक्षांचे पूर्ण समाधान झाले नाही. परंतु दुसऱ्याचे नाव निदान एकदा तरी आपल्या हाताने लिहावे लागते, या एका अटीने भांडणाचा जोर ओसरला. ज्या शहरांची नावे दोन भाषांच्या ओढाताणीत सापडली आहेत, अशी आपल्याकडेही थोडी नाहीत.

लिपीभेदावर यंत्राची मदत होते ती चिनी भाषेत. मुख्य भूमीवरील सुलभ अक्षरे आणि तैवान व हाँगकाँगमधील पारंपरिक अक्षरे यांच्यामुळे चिनी विकिपीडियाची दोन शकले होण्याची भीती होती. ज्याने ज्या अक्षरांत लिहिले ते वाचणाऱ्याला त्याच्या पसंतीच्या अक्षरांत, आणि पुष्कळदा त्याच्या प्रदेशातील शब्दांतही, दाखवणारी व्यवस्था करून ती टाळण्यात आली. सर्बियन भाषेच्या सिरिलिक आणि रोमन लिप्यांची सोयही तशीच लागली. आपल्या शेजारच्या कोंकणीचे उदाहरण याहून निराळे. 1987 च्या गोव्यातील राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, परंतु रोमन लिपीत लिहिणारा मोठा समाज तेथे आहे आणि कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिणारा. 2015 साली सुरू झालेल्या गोंयच्या कोंकणी विकिपीडियाने तिन्ही लिप्यांना दार उघडे ठेवले. एकाच ठिकाणी तीन लिप्या दिसल्याने वाचकाची गैरसोय होते खरी. पण कायद्याने आणि चळवळींनी जो वाद मिटला नाही तो ज्ञानकोशाच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याचे शहाणपण त्यात आहे.

परक्या भाषेवरील अतिप्रेमही कधी उपद्रवकारक होते. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतील विकिपीडियावर अमेरिकेतील एका किशोरवयीन मुलाने, ती भाषा येत नसताना, इंग्रजी शब्दांना स्कॉट्स वळण देऊन वीस हजारांहून अधिक लेख रचले. वर्षानुवर्षे कोणी अडवले नाही, आणि 2020 साली हे उघडकीस आले तेव्हा त्या भाषेचे अभ्यासक हतबुद्ध झाले. त्या मुलाचा हेतू सेवेचाच होता, आणि त्याच्यावर झालेला शिव्यांचा वर्षाव निंद्यच होता. परंतु ज्या भाषेचे लेखक थोडे, तिच्यात अनधिकाराने लिहिलेला मजकूर दुरुस्त करण्याचे ओझे त्या थोड्यांवरच पडते. फिलिपाइन्समधील सेबुआनो विकिपीडियावर एका स्वीडिश गृहस्थाच्या प्रणालीने आपोआप रचलेल्या लेखांमुळे संख्या 50 लाखांपलीकडे गेली आहे, आणि ते सारे तपासू शकतील असे लेखक मात्र तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आज यंत्रानुवादाने ही अडचण घरोघरी आणून ठेवली आहे. भाषा न जाणता कोणाशीही बोलता येते, ही सोय अमोल आहे; परंतु न वाचलेले यांत्रिक भाषांतर दुसऱ्याकडे पाठवणारा मनुष्य लिहिण्याचे आपले श्रम वाचवून तपासण्याचे श्रम त्याच्यावर लादतो. इंग्रजी विकिपीडियाने म्हणूनच आपल्याकडे येणाऱ्या लेखांसाठी भाषांतराच्या साधनातील यंत्रानुवाद बंद ठेवला आहे आणि ते साधनही केवळ अनुभवी सभासदांना दिले आहे. खाजगी पत्रव्यवहारात एवढी कडक बंदी नको. मूळ मजकूर सोबत जोडावा आणि भाषांतर यंत्राचे आहे हे सांगून टाकावे, एवढे पुरे.

आता आपल्यापुरते बोलायचे, तर जगाच्या सभेत मराठी मनुष्य पाहुणा म्हणून कसा वागतो, याचीच चर्चा आपण अधिक करतो. पण मराठीच्या घरात तो यजमान असतो, आणि तेथे त्याची परीक्षा अधिक कठीण आहे. कोणी आंध्रातील किंवा केरळातील मनुष्य, अथवा अमेरिकेत जन्मलेली मराठी घरातील मुलगी, धडपडत मराठीत दोन ओळी लिहिते, तेव्हा आपल्यातील एक जण तिच्या ऱ्हस्वदीर्घाचा पंचनामा करतो, आणि दुसरा दयाळू जण चटकन हिंदी किंवा इंग्रजीत उत्तर देतो. पहिल्याचा दोष उघड आहे. दुसऱ्याची दया मात्र सौजन्याच्या वेषात येत असल्यामुळे तिचा परिणाम कोणाच्या ध्यानात येत नाही. एवढ्या कष्टाने लिहिलेल्या मराठीला उत्तर मराठीत मिळत नाही, हे दोनदा अनुभवले की तिसऱ्यांदा ती मराठीत लिहीत नाही. समोरच्याने जी भाषा निवडली तीतच, सोप्या शब्दांत आणि लहान वाक्यांत, उत्तर द्यावे. अडल्यास दुसरी भाषा चालेल काय, हे त्यालाच विचारावे. आणि चूक सुधारायचीच झाली तर तोच शब्द आपल्या उत्तरात शुद्ध लिहून मोकळे व्हावे. यजमानाच्या अंगी एवढा धीर असला, तर मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी निराळ्या चळवळीची गरज बरीच कमी होईल.